तांत्रिक कारणास्तव

प्रा. मालती बेळे यांची आणि माझी पहिली भेट काळ्या पडद्यांमुळे झाली. आमच्या महाविद्यालयात मी पदार्थविज्ञान शिकवत असे आणि प्रयोगशाळेच्या किल्ल्या माझ्याकडे असत. प्रकाशाच्या प्रयोगांसाठी त्या खोलीच्या सर्व खिडक्यांना जाड काळे पडदे लावलेले होते. नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षे. मॅडम अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवण्यासाठी नुकत्याच रुजू झाल्या होत्या. एका दुपारी त्या प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, तुमच्याकडे अंधार आहे असं ऐकलं.”

“आहे. कशाला हवा?”

“मुलांना सिनेमा दाखवायचाय.”

“इंग्रजीच्या तासाला?”

“गणिताच्या तासालाही चालेल मला. पण ते सर देणार नाहीत.”

मला हसू आले नाही. मी फारसा हसणारा माणूस नाही, हे या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांना माहीत आहे. मी त्यांना सांगितले की शनिवारी दुपारी दोननंतर प्रयोगशाळा रिकामी असते, मात्र उपकरणांची जबाबदारी माझी असल्यामुळे मी मागे बसून राहीन. “बसा की,” त्या म्हणाल्या, “पण बसलात तर लिहावं लागेल.” मी लिहिले नाही. मी मागच्या टेबलावर मुलांची जर्नल तपासत बसत असे.

मॅडमच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना संपादकांनी मला सांगितले की त्यांच्या हयात सहकाऱ्यांत मी सर्वांत जुना आहे. ते खरे आहे. मी वाङ्मयाचा माणूस नाही. जे पाहिले ते क्रमाने लिहितो.

त्या तासाची पद्धत अशी होती. संस्थेचा एक टीव्ही आणि एक व्हीसीआर होता. कॅसेट मॅडम स्वतः भाड्याने आणत. संपूर्ण चित्रपट त्यांनी कधीही दाखवला नाही. चार-पाच मिनिटांचे एक दृश्य त्या निवडत आणि पहिल्यांदा ते आवाज बंद ठेवून दाखवत. मुलांनी डोळ्यांना दिसले तेवढेच लिहायचे. ‘ती दुःखी आहे’ असे कोणी लिहिले की मॅडम विचारत, “दुःख कुठे दिसलं तुला? मानेत, बोटांत, का चपलेत?” मग तेच दृश्य आवाजासह पाहायचे. कॅमेरा कुठे ठेवला आहे, कोणाच्या उंचीवरून तो बघतो आहे, कोणाला चौकटीत अर्धेच घेतले आहे, यावर बोलायचे. शेवटी दृश्यातला एकही शब्द न बोलणारा माणूस निवडायचा आणि ‘मी’ म्हणून त्याच्या तोंडून एक पान इंग्रजीत लिहायचे. इंग्रजी शब्द अडला तर तिथे मराठी शब्द देवनागरीत लिहून पुढे जायचे. थांबायचे नाही. वही तपासताना मॅडम लाल शाई वापरत नसत. समासात पेन्सिलीने एखादा प्रश्न लिहीत आणि त्याचे उत्तर आल्यावरच व्याकरणाला हात लावत.

आमच्याकडची निम्मी मुले दिंडोरी आणि वणीकडून एसटीने येणारी. इंग्रजी म्हणजे गाइडमधले निबंध पाठ करणे, हीच त्यांची समजूत. वणीची एक मुलगी पहिल्या दोन्ही चाचण्यांत इंग्रजीत नापास झाली होती. तिच्या आईवडिलांचे गडाच्या पायथ्याला नारळ-ओटीचे दुकान होते. एका शनिवारच्या दृश्यात एक गिऱ्हाईक बराच वेळ वस्तू हाताळून काही न घेता दुकानातून बाहेर पडते. या मुलीने दुकानदाराच्या मुलीच्या तोंडून पाच ओळी लिहिल्या. त्यांत निम्मे शब्द मराठी होते. मॅडमनी समासात विचारले, ‘गिऱ्हाईक गेल्यावर वडिलांनी कशाला हात लावला?’ पुढच्या शनिवारी तिने दीड पान लिहून आणले. मॅडमनी ते वर्गात वाचले तेव्हा मी जर्नल बाजूला ठेवले होते. आज ती नांदगाव तालुक्यात इंग्रजी शिकवते. तिचाही लेख या ग्रंथात आहे, असे कळते.

रविवार कारंजावरच्या एका गाइडवाल्याने मॅडमना अकरावीचे निबंध लिहून देण्याची विनंती केली होती, तीही माझ्यासमोर, स्टाफरूममध्ये. “माझी मुलं तुमचं गाइड घेणार नाहीत,” त्या त्याला म्हणाल्या, “आणि बाकीच्यांची मुलं घेतील याचं मला वाईट वाटेल.” काही सहकाऱ्यांना हा गर्व वाटला. मलाही तेव्हा तसेच वाटले होते.

माझी मुलगी रूपाली अकरावीला आमच्याच महाविद्यालयात आली. शाखा विज्ञान, ती मी ठरवली होती. शनिवारच्या तासाला मात्र ती आपण होऊन बसू लागली. ती पुढच्या बाकावर, मी मागे. तास संपला की आम्ही दोघे एकाच स्कूटरवरून घरी जायचो आणि त्या तासाबद्दल एक शब्दही बोलायचो नाही. तिने कधी विषय काढला नाही. मीही काढला नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर मॅडमनी एका जुन्या कृष्णधवल इंग्रजी चित्रपटातले जेवणाचे दृश्य दाखवले. टेबलाच्या टोकाला वडील बसलेले, बाजूला पाहुणे, आणि एक मुलगी सर्वांना वाढते आहे. ती बोलत नाही. तेव्हा त्या मुलीच्या तोंडून लिहायचे ठरले. वह्या नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेच्या कपाटात राहिल्या. कपाटाची किल्लीही माझ्याचकडे. सोमवारी मी कपाट उघडून रूपालीची वही काढली आणि वाचली. त्याआधी मी तिची वही कधी वाचली नव्हती. त्या दिवशीच का वाचली, ते मला सांगता येणार नाही.

तिने लिहिले होते ते मला पाठ आहे. मराठीत साधारण असे होईल: ‘आमच्या घरात वडील बोलत नाहीत. ते ताट सरकवतात. पुढे सरकवले तर भात हवा. बाजूला सरकवले तर भाजी बिघडली. जोरात सरकवले तर आमच्यापैकी कोणीतरी काहीतरी केले आहे, आणि ते कोणी हे जेवण संपेपर्यंत कळत नाही. आई ताटाकडे बघते. मी आईकडे बघते. वडिलांकडे कोणीच बघत नाही, म्हणून जेवताना त्यांचा चेहरा कसा असतो हे मला माहीत नाही.’

पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये असे मी तीस वर्षे मुलांना शिकवले. मी पडदे ओढले, कपाटातच राहिलेली कॅसेट लावली आणि ते दृश्य चार वेळा पाहिले. त्या चित्रपटातले वडील सुरी-काट्याने जेवतात आणि शेजारच्या पाहुण्याशी हसून बोलत असतात. ताटाला त्यांचे बोटही लागत नाही.

शुक्रवारी मला प्राचार्यांनी बोलावले. तिथे संस्थेचे एक संचालक बसले होते. दिंडोरीकडचे मोठे द्राक्ष बागायतदार. त्यांचा पुतण्या बारावीला होता. “मास्तर, पोरं शनवारी सिनेमे बघत्यात म्हणे तुमच्या लॅबमदी,” ते मला म्हणाले. “हे लय झालं. उद्या निकाल पडला तं कोण जबाबदार?”

प्राचार्य मॅडमच्या बाजूचे होते. “निकाल उलट वाढलाय इंग्रजीचा, दादा,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, “जाधव सर, लॅब तुमची आहे. तुमची काही अडचण आहे का?” अडचण नाही असे मी म्हणावे, म्हणजे विषय तिथेच संपेल, अशा आवाजात त्यांनी ते विचारले होते. मला ते कळले होते.

“प्रॅक्टिकलची अडचण होते,” मी म्हणालो.

शनिवारी दुपारी कोणाचेही प्रॅक्टिकल नव्हते. प्राचार्यांनाही ते माहीत होते. त्यांनी नोंदवहीत लिहिले, ‘इंग्रजीचा शनिवारचा तास तांत्रिक कारणास्तव बंद करण्यात येत आहे.’

मॅडम त्याच संध्याकाळी वह्या न्यायला आल्या. चाळीस वह्या होत्या. त्यांनी दोन खेपा केल्या. मी एक गठ्ठाही उचलू लागलो नाही. दुसऱ्या खेपेला त्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, “सर, चहा घ्या जाऊन. आज फार बोललात म्हणे.” त्यानंतर या विषयावर त्या माझ्याशी अनेक वर्षे बोलल्या नाहीत. माझ्याकडे प्रयोगशाळा पुन्हा मागितली नाही, आणि सकाळी भेटल्यावर नमस्कार करणेही सोडले नाही. या दोन्हींतले अधिक त्रासाचे काय होते, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

घरी जेवताना रूपालीने विचारले, “बाबा, शनिवारी लॅबमध्ये कुणाचं प्रॅक्टिकल असतं?”

मी ताट सरकवले. माझी पत्नी मंदा हिने भात वाढला. मला भात नको होता.

तास बंद झाला, पण मॅडमनी शिकवणे बंद केले नाही. नेहमीच्या तासातली पंधरा मिनिटे काढून त्या मुलांना दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीशी उभे करत. खाली सिटी बसचा थांबा होता. “ही चौकट. चार मिनिटं बघा. आवाज ऐकायचा नाही,” असे सांगून त्या स्वतः भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत, म्हणजे मुलांनी लिहिलेल्यावरूनच त्यांना रस्ता कळावा. मखमलाबादकडून फुलांची पाटी घेऊन येणारी एक बाई रोज त्या थांब्यावर उतरत असे. तिच्यावर मुलांनी इतके लिहिले की मॅडम एकदा खाली जाऊन तिच्याशी बोलून आल्या आणि वर येऊन म्हणाल्या, “तुमच्यापैकी तिघांनी तिला विधवा केलंय. नवरा पाटी भरून देतो रोज तिची.” हे दोन वर्षे चालले. पुढे वेळापत्रक बदलले, विभागाचे वर्ग तळमजल्यावर आले आणि खिडकीही गेली. टीव्ही कार्यालयात नेला होता. त्यावर क्रिकेटचे सामने चालत. तेव्हा निकालाची काळजी कोणी केल्याचे मला स्मरत नाही.

रूपाली बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना गेली. मेंदूज्वर झाला होता. पाच दिवस रुग्णालयात होती. यापेक्षा अधिक मला लिहायचे नाही.

त्यानंतरच्या शनिवारपासून मॅडम आमच्या घरी येऊ लागल्या. दुपारी दोनला येत. मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलेलो असे. मला नमस्कार करून त्या थेट स्वयंपाकघरात मंदाकडे जात आणि तासभर बसत. आतून त्यांचा सावकाश, एकसारखा आवाज येई. त्या पोथी वाचून दाखवत असाव्यात असे मी धरून चाललो. जवळजवळ वर्षभर एकही शनिवार चुकला नाही. पुढे एकदा मंदाने सांगितले की मॅडम रूपालीच्या वह्या आणतात आणि तिने लिहिलेले एकेक पान मराठीत करून सांगतात. मंदा सातवी शिकलेली आहे. आपली मुलगी इंग्रजीत काय लिहीत होती, हे तिला असे कळले. मॅडमच्या स्वभावातल्या चांगुलपणाविषयी या ग्रंथात पुष्कळ जण लिहितील. मला हे एवढे पुरेसे वाटते.

मी मंदाला विचारले, “ते ताटाचं पण सांगितलं का त्यांनी?”

“ते पहिल्याच दिवशी सांगितलं,” मंदा म्हणाली. “मला काय नवीन होतं त्यात?”

दोन हजारनंतर महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी समिती येणार होती. नवे उपक्रम दाखवायचे होते. तेव्हा सर्वांना त्या तासाची आठवण झाली. नव्या प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये विचारले, “मॅडम, तुमच्या त्या सिनेमाच्या तासाचे फोटो असतील ना?”

“फोटो कसे असणार?” मॅडम म्हणाल्या. “अंधार असायचा.”

मग दृक्श्राव्य कक्ष बांधण्यात आला. प्रोजेक्टर आला, गुबगुबीत खुर्च्या आल्या. फीत कापायला मॅडमना पुढे केले आणि भाषण त्याच संचालकांनी केले. आपण पहिल्यापासून मॅडमच्या पाठीशी उभे होतो, असे त्यांनी सांगितले. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. त्या कक्षात मॅडमना आठवड्याला एकही तास मिळाला नाही, कारण तो पाहुण्यांसाठी राखीव असे.

संपादकांनी लेखकांना पाठवलेल्या मॅडमच्या जीवनपरिचयात एक वाक्य आहे: ‘त्यांचा हा अभिनव उपक्रम काही वर्षे चालून तांत्रिक कारणास्तव थांबला.’ त्या वर्गातल्या चाळीस मुलांनाही आजवर हेच माहीत आहे, कारण मॅडमनी त्यांना दुसरे काही सांगितले नाही. माझी संपादकांना विनंती आहे की हे वाक्य दुरुस्त करावे. कारण तांत्रिक नव्हते. ते कारण मी होतो. दुरुस्ती शक्य नसेल तर माझा हा लेख न कापता छापावा.

लेख लिहिण्यापूर्वी मॅडमना सांगणे आवश्यक होते, म्हणून मी इंदिरानगरला त्यांच्या घरी गेलो. “मॅडम, मी लॅबचं लिहिणार आहे,” मी म्हणालो.

“सर, गौरवग्रंथ माझा आहे. तुमचा कबुलीजबाब नाही तो.”

“नाहीतर चुकीचं छापलं जाईल.”

“छापू द्या. साठीच्या पुस्तकात खरं शोधायला कोण जातंय?”

मी जे विचारायला गेलो होतो ते मग विचारले. “रूपालीने कोणावर लिहिलं होतं, हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं का?”

“मी तुमच्या घरी कधी जेवले नव्हते,” त्या म्हणाल्या. मी उठलो नाही. तेव्हा त्या पुढे बोलल्या. “त्या वर्षी मी एक नवीन ठरवलं होतं. पुढच्या शनिवारी तेच दृश्य पुन्हा दाखवायचं, आणि लिहिताना ज्याच्यावर राग धरलाय त्याच्या बाजूने एक पान लिहायचं. रूपालीला मी गुरुवारी सांगितलं होतं. म्हटलं, तुला वडिलांचं लिहावं लागेल, जमेल का? म्हणाली, जमेल की मॅडम, बाबा मागेच बसलेले असतात, मी वळून बघून घेईन.” मग त्या म्हणाल्या, “शुक्रवारी तुमची प्रॅक्टिकलची अडचण झाली.”

मी त्यांची क्षमा मागितली. इतक्या वर्षांत प्रथमच मागितली.

“क्षमा केली असं मी म्हणणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “फक्त रूपालीचा प्रश्न असता तर म्हटलंही असतं. तो तुमच्या घरचा मामला. पण वर्गात बाकीची मुलं होती. कितीतरी जण असे होते की त्यांना दुसरीकडे कुठे कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांच्या वतीने मी कशी म्हणू?” त्यांनी आत जाऊन चहा आणला. कप माझ्यापुढे ठेवताना त्या म्हणाल्या, “ते राहिलेलं पान तुम्ही लिहा. वडिलांच्या बाजूचं. मराठीत चालेल.”

“मला नाही जमणार.”

“पहिल्या दिवशी सगळेच तसं म्हणायचे. पुढच्या शनिवारी आणा.”

मी दोन शनिवार पान घेऊन गेलो आहे. पहिल्या पानात मी का बोलत नसे याची कारणे होती: माझे वडील कसे होते, नोकरीत काय चालले होते. मॅडमनी ते वाचून परत दिले. “ही वकिली झाली. जेवण कुठे आहे?” असे त्या म्हणाल्या. दुसऱ्या पानात मी जेवण लिहिले. तेही त्यांनी पूर्ण वाचले आणि विचारले, “रूपालीने प्रॅक्टिकलचं विचारलं तेव्हा ती कुठे बसली होती?”

मला सांगता आले नाही. समोर की शेजारी, हेही आठवेना. घरी येऊन मी मंदाला विचारले. ती गहू निवडत होती. “मला माहीत आहे,” ती म्हणाली, “पण पान तुमचं आहे.”

मॅडमना उत्तम आरोग्य आणि दीर्घ आयुष्य लाभावे, असे या ग्रंथात प्रत्येक जण लिहील आणि ते मनापासून असेल. माझेही मनापासून आहे, पण निःस्वार्थ नाही. माझे वय अडुसष्ट आहे आणि मी फार हळू लिहितो. माझी मुलगी त्या दिवशी कुठे बसली होती, हे मला आठवेपर्यंत आणि ते पान पुरे होईपर्यंत मॅडमची दृष्टी आणि प्रकृती चांगली राहो. दुसऱ्या कोणाला ते वाचायला देण्यात अर्थ नाही. मला वेळ लागेल.